आषाढातली उलटी वारी

आत्याची यंदाची वारी भातलावणीनं खाल्ली. नऊ वर्षं आळंदी ते पंढरपूर चाललेली बाई, एकादशीला घरी टीव्हीसमोर बसून चंद्रभागा बघत होती. तिचं तोंड बघवेना, म्हणून मी सहज म्हणालो, "आत्या, दोन दिवस जुन्नरच्या लेण्यांना पायी फिरू. चारी बाजूंचे डोंगर." ती म्हणाली, "देव कुठला तिथला?" मी म्हणालो, "देव नाही. नंतर आलेत ते." "मग वारी कसली?" असं म्हणत तिनं वारीतला प्लास्टिकचा कागद घडी घालून पिशवीत टाकलासुद्धा.

जुन्नर हे गाव डोंगरांच्या कड्यात बसलंय. पश्चिमेला तुळजा, उत्तरेला कुकडीपलीकडे लेण्याद्री, गावाला खेटून शिवनेरी, दक्षिणेला मानमोडी. या डोंगरांत मिळून लहानमोठी दोनशेच्या आसपास लेणी कोरलीत, बहुतेक सगळी बौद्ध, दोन हजार वर्षांच्या आगेमागे. कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून इथून पैठणकडे जायचा. माल गेला, वाट राहिली.

पहिल्या दिवशी एसटी स्टँडवरून पाडळीच्या बाजूनं तुळजाकडे निघालो. पाऊस रिपरिप. उसाच्या कडेनं जाताना आत्या मोठ्यानं बोलत होती. आमच्याकडे बिबट्याचं भय असलेली माणसं अशीच बोलतात, विषय नसला तरी.

तुळजाला चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं दालन, गोल आहे. बाकी ठिकाणी लांबोळं दालन आणि टोकाला स्तूप असतो. इथं मधोमध स्तूप आणि त्याच्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचं कडं. दर्शनी भाग कधीच कोसळलाय, त्यामुळे उजेड थेट आत येतो. नक्षी नाही, मूर्ती नाही. आत्या खांबांच्या आणि स्तूपाच्या मधल्या पट्ट्यातून एक फेरी मारून आली, पायातल्या चपला बाहेर काढूनच. मग म्हणाली, "हे तर रिंगण रे. घोडं तेवढं नाही."

मी तिला वर्षावासाचं सांगितलं. बौद्ध भिक्खू वर्षभर गावोगाव हिंडायचे, पावसाळ्यात मात्र एका जागी थांबायचे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. पिकं तुडवली जाऊ नयेत, किडामुंगी मरू नये, म्हणून. त्यासाठी छप्पर हवं, आणि या खोल्या त्याच कामाच्या. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही आषाढात निघतो आणि हे आषाढात थांबायचे."

दोन हजार वर्षांत एकाच महिन्यात एकाच मुलखानं दोन्ही गोष्टी केल्या, हे मला आजवर सुचलं नव्हतं. तिला मात्र ते लावणीइतकं साधं वाटलं. "पावसात कुणी चालायचं आणि कुणी बसायचं, ठरवावं लागतंच," म्हणाली.

कुकडी ओलांडून दुपारी लेण्याद्री. इथं मात्र गर्दी, माकडं, पायऱ्या आणि पुरातत्त्व खात्याचं तिकीट. "देवाला तिकीट?" म्हणून आत्या खिडकीपाशी अडून बसली, शेवटी मी काढलं. गिरिजात्मज गणपती बसलाय तो सातव्या लेण्यात, म्हणजे भिक्खूंच्या विहारात. प्रचंड दालन आहे, आणि छताला आधार देणारा एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना खोल्या. मागच्या मधल्या दोन खोल्या एक करून देवाची जागा झाली. अष्टविनायकाची रांग विहारातून पुढे सरकते तेव्हा बाजूच्या खोल्यांत कोण झोपत असेल, हे कुणी विचारत नाही. मीही लहानपणी विचारलं नव्हतं.

शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात, कुणीच नव्हतं. तिथला ब्राह्मी लेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत यानं दिलं. आत्याची थोरली लेक कल्याणला दिलेली. "कल्याणचा? मग पाहुणाच की आपला," म्हणाली आणि त्या लेखाला गणपतीइतकाच मनापासून हात जोडला.

रात्री ओळखीच्यांकडे मुक्काम. सकाळी शिवनेरी, पण सात दरवाज्यांच्या वाटेनं नाही, साखळीच्या बाजूनं, कारण त्या अंगाला लेणी आहेत. बहुतेक माणसं शिवजन्माच्या जागेकडे जातात आणि डोंगराच्या पोटातली ही भोकं खालून दिसतात तेवढीच. साखळीची वाट ओली होती. मी तिला वर नेलं नाही, हे नंतर तिच्या बोलण्यात तीनदा आलं. खालच्या लेण्यांपर्यंतच गेलो. एका चैत्यगृहाच्या छतावर अजून रंगाचे चौकोन आणि त्यात वर्तुळं टिकून आहेत, मान मोडेपर्यंत बघावीत अशी. ते वीरसेनक नावाच्या गृहपतीनं दिलं, सर्व लोकांच्या हितसुखासाठी.

याच डोंगरावर इरिल नावाच्या यवनानं 'दोन पोढी' दिल्याचा लेख आहे. यवन म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीक. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. आणखी एका यवनानं, चिटानं, संघाला भोजनमंडप दिला. बाहेरच्या मुलखातून आलेला माणूस इथं येऊन सोनंनाणं नाही, पाणी आणि जेवायची जागा देतो. उन्हाळ्यात आलो असतो तर ते तहानेनं कळलं असतं. पावसात वेगळं कळलं. लेण्याच्या कपाळावर छिन्नीनं ओढलेली एक बोटभर पन्हळ दिसली. दर्शनी भागावरून गळणारं पाणी ती उचलते, आडवी नेते आणि बाजूच्या टाक्याच्या तोंडात सोडते. अजून चालू होती. आत्यानं मध्ये बोट धरलं, पाणी बोटावरून वळून पुन्हा पन्हळीत पडलं. "आमच्या ग्रामपंचायतीची पाइपलाइन चार वर्षांत फुटली," म्हणाली.

मानमोडीला पोचलो तेव्हा पाऊस वाढला होता. इथले गट भूतलिंग, अंबा-अंबिका आणि भीमाशंकर. नावं ऐकली तरी कळतं की स्तूपाची पिंड कधी झाली हे गावालाही आठवत नाही. भूतलिंगाच्या दारावर कमानीत गजलक्ष्मी आहे आणि दर्शनी भागाचा दाता म्हणून चंद नावाच्या यवनाचं नाव. खाली पांढऱ्या कपड्यांतली सात-आठ माणसं पौर्णिमेची वंदना करत होती, प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली. त्यांनी आम्हाला 'नमो बुद्धाय' म्हटलं. आत्या म्हणाली, "रामकृष्णहरी माऊली." एका ताईंनी तिला आत ओढून बसवलं आणि गरम चहा दिला. वंदना संपेपर्यंत ती हात जोडून बसली. पाली तिला कळत नव्हतं, पण शेवटच्या 'साधु साधु'ला तीही म्हणाली. आज गोपाळपुरात काला, ही आठवण तिनं मला तिथंच करून दिली.

अंबा-अंबिकाकडे जाताना शेवाळावरून माझा पाय गेला आणि मी सरळ गवतात बसलो. गुडघा फुटला, मोबाइल ओला. आत्यानं हात दिला आणि फार हसली. इथल्या अर्धवट चैत्यगृहात अदुथुम नावाच्या शक उपासकाचा लेख आहे. त्यानं वडालिका गावातल्या करंजाजवळची वीस निवर्तनं जमीन दिली आणि कटापुटकातल्या वडापाशी नऊ. निवर्तन हे जमिनीचं जुनं माप. आत्यानं विचारलं, "करंज कुठला म्हणायचा, आपल्या ओढ्यावरचा?" गाव कुठलं ते मला सांगता आलं नाही. पण जमिनीची खूण झाडानं सांगायची, हे तिला लगेच पटलं. सातबारा येण्याआधी तिच्या सासऱ्यांनीही तसंच सांगितलं होतं.

शेवटी भीमाशंकर गट. महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम, यानं शेहेचाळिसाव्या वर्षी पोढी आणि मंडप दिला, असा लेख. ढगांनी उजेड इतका कमी की मला एक अक्षर सुटं दिसेना. आत्यानं पदर बाजूला करून हाताचं पहिलं बोट खडकावर फिरवलं. "डोळ्याला नाही दिसत, हाताला लागतंय. हे बघ, गोल आहे. हे उभं."

टाकं काठोकाठ भरलं होतं. "कुणी दिलं म्हणालास?"

"अयम."

"पोरंबाळं होती का त्याला?"

"लिहिलेलं नाही."

तिनं वाकून दोन्ही हातांची ओंजळ भरली, पूर्वेकडे तोंड केलं आणि पाणी सावकाश परत टाक्यात सोडलं. मग कागद डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "चल, सहाची एसटी चुकेल."