थट्टेने लिहिलेले नाव

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात आर्गोनिया नावाचे एक गाव आहे. वस्ती आजही पाचशेच्या आसपास. १८८५ मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला तेव्हा ऑलिव्हर किन्सी हे पहिले महापौर झाले, आणि दोनच वर्षांनी, ४ एप्रिल १८८७ रोजी, गावाने त्याच खुर्चीवर त्यांच्या २७ वर्षांच्या कन्येला, सुझॅना मडोरा सॉल्टर यांना बसवले. अमेरिकेत महापौरपद सांभाळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. (एवढ्याशा गावाला आपल्याकडे सरपंच असतो, पण तेथील पदाचे नाव मेयरच, म्हणून मीही महापौरच म्हणते.)

ही हकीकत बहुधा एका फसलेल्या थट्टेची म्हणून सांगितली जाते. कॅन्ससमध्ये १८८१ पासून दारूबंदी होती आणि १८८७ च्या आरंभी तेथील स्त्रियांना नगरपालिका निवडणुकीत मताधिकार मिळाला होता. त्याबरोबर आर्गोनियातील वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन या दारूबंदीवादी महिला संघटनेने आपल्या पसंतीच्या उमेदवारांची यादी तयार केली. ते न रुचलेल्या काही पुरुषांनी तीच यादी उचलली, फक्त महापौरपदापुढे सॉल्टरबाईंचे नाव लिहिले आणि त्यांना न विचारता मतपत्रिका छापून घेतल्या. मूठभर मते पडतील, बायकांचे हसे होईल, आणि पुन्हा त्या राजकारणाच्या वाटेला जाणार नाहीत, असा त्यांचा हिशोब होता. उमेदवारी आधी दाखल करण्याची पद्धत तेव्हा नसल्यामुळे मतदानाची सकाळ उजाडेपर्यंत हे कोणाला कळलेही नाही.

रिपब्लिकन पक्षाची मंडळी घाईने त्यांच्या घरी गेली, तेव्हा बाई कपडे धूत होत्या. निवडून आलात तर पद स्वीकाराल का, असे विचारल्यावर त्या हो म्हणाल्या. हा होकार मला त्या दिवसातील सर्वांत मोठी घटना वाटते. पाण्यात हात असताना, अपमान करण्यासाठीच आपले नाव छापले गेले आहे हे समजल्यानंतर, रडण्याची किंवा संतापून दार लावून घेण्याची पूर्ण मुभा असताना त्यांनी जबाबदारी घेतली. महिला संघटनेने आपला उमेदवार बाजूला ठेवून त्यांना मते दिली, आणि दोन-तृतीयांश मतांनी त्या निवडून आल्या.

सांगणारे बहुतेक येथेच थांबतात. मला मात्र पुढचे वर्ष महत्त्वाचे वाटते. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने आपला वार्ताहर केवळ त्यांची सभा पाहण्यासाठी पाठवला. त्याने त्यांच्या टोपीचे आणि पोशाखाचे वर्णन केलेच, पण विषय सोडून चाललेली चर्चा बाई वेळीच थांबवतात, हेही नोंदवले. त्या वर्षात त्यांना एक मूल झाले आणि ते दगावले. वर्षाचे मानधन होते एक डॉलर. मुदत संपल्यावर त्यांनी पुन्हा उभे राहण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅन्ससमधीलच ऑस्कालूसा येथे मेरी लोमन महापौर झाल्या आणि त्यांच्यासोबत निवडून आलेल्या साऱ्या सदस्यही स्त्रियाच होत्या.

पुण्यात बसून १८८७ हे साल वाचताना मला एकट्या आर्गोनियाचा विचार करता येत नाही. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला अमेरिकेहून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. ४ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल दिला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने आर्गोनियाचे मतदान झाले. हुजूरपागेची मुलींची शाळा तेव्हा तीन वर्षांचीही झाली नव्हती. आणि त्या सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेतच होत्या. सॉल्टरबाईंच्याच दारूबंदी संघटनेशी त्यांचा निकटचा संबंध आला आणि मायदेशी परतल्यावर त्यांनी तिच्याविषयी मराठीत लिहिले. त्या चळवळीची ओळख मराठी वाचकाला इतक्या लवकर झाली होती, याचा मला फार आनंद वाटतो.

पुणे महानगरपालिका १९५० मध्ये स्थापन झाली आणि बाबुराव सणस पहिले महापौर झाले. कमल व्यवहारे या पहिल्या महिला महापौर होईपर्यंत मात्र कित्येक दशके गेली. आता महाराष्ट्रात २०११ पासून नागरी संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही आमच्या पेठेत एका प्रचारफेरीत मी स्वतः ऐकलेले वाक्य विसरता येत नाही: "मत वहिनींना द्या, काम भाऊच करणार आहेत." वहिनी शेजारी हात जोडून उभ्या होत्या. मला त्या वेळी राग आला, तो आजही गेलेला नाही. सॉल्टरबाईंचे यजमान लुईस नगराचे कारकून होते, सासरे राज्याचे माजी उपराज्यपाल, आणि वडील माजी महापौर. घरातून कारभार चालवू पाहणाऱ्यांची तेथेही वाण नव्हती. सभा मात्र त्यांनी स्वतः चालवली. सभासदांना त्यांनी सांगितले होते की निर्णय तुमचे, मी केवळ अध्यक्ष आहे. आपल्याकडेही प्रशासनाची सूत्रे आयुक्तांच्या हाती आणि मुख्य सभेचे अध्यक्षपद महापौरांकडे असते, त्यामुळे त्या वाक्याचे वजन पुणेकराला चटकन कळावे.

त्यानंतर सॉल्टरबाई कुटुंबासह ओक्लाहोमात गेल्या आणि राजकारणात परतल्या नाहीत. १९३३ मध्ये आर्गोनियाने त्यांच्या सन्मानार्थ फलक बसवला, तेव्हा त्या हयात होत्या. १७ मार्च १९६१ रोजी, वयाची १०१ वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच आठवड्यांनी, त्या वारल्या, आणि त्यांचे दफन आर्गोनियातच, यजमानांच्या शेजारी झाले.