चार्ल्स्टन: आधी भात, मग रंगीत घरं

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटहून साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनला गाडीने साडेतीन तास लागतात. आई-बाबा चिपळूणहून तीन महिन्यांसाठी आले होते, म्हणून मार्चअखेरीस दोन रात्रींचा बेत ठरवला. त्यात माझी एक चूक झाली. सगळे करतात तसं आधी रंगीत घरं पाहिली आणि आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं म्युझियम शेवटच्या दुपारसाठी ठेवलं. तुम्ही उलट करा.

इंग्रजांनी १६७०मध्ये अ‍ॅश्ली नदीकाठी वसाहत केली आणि राजा दुसरा चार्ल्स याच्या नावावरून तिला चार्ल्स टाउन म्हटलं. दहा वर्षांनी गाव अ‍ॅश्ली आणि कूपर या नद्यांमधल्या चिंचोळ्या जमिनीवर हललं. (या दोन नद्या मिळून अटलांटिक महासागर तयार होतो, असं इथले लोक हसत सांगतात. गावाला स्वतःबद्दल काय वाटतं ते यावरून कळेल.) पैसा आला तो मुख्यतः भातातून. 'कॅरोलिना गोल्ड' हे तांदळाचं वाण इथलंच. आणि तो भात पिकवला पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून गुलाम करून आणलेल्या माणसांनी. दलदलीतली झाडं तोडून त्यांनी बांध घातले, बांधात लाकडी दारं बसवली. भरतीच्या रेट्याने नदीचं गोडं पाणी वर चढलं की दार उघडून ते शेतात घ्यायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे आपली खाजणंच की!" तशीच, पण हेतू वेगळा. खाजणात खारं पाणी बाहेर ठेवायचं असतं, इथे गोडं पाणी आत घ्यायचं असतं.

हे सगळं मला कळलं इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियममध्ये. २०२३मध्ये उघडलेलं हे म्युझियम गॅड्सडन्स वॉर्फवर, म्हणजे जिथे गुलामांची जहाजं लागायची त्याच धक्क्यावर आहे. इमारत खांबांवर उचलून धरली आहे. खालच्या मोकळ्या जागेत जमिनीवर माणसांच्या आकृती कोरल्या आहेत, जहाजाच्या तळात दाटीवाटीने झोपवलेल्या. त्यांच्यावर पाणी चढतं आणि ओसरतं. हा भाग तिकिटाशिवाय पाहता येतो. आई तिथे बराच वेळ उभी राहिली, बोलली काही नाही. म्युझियमला किमान तीन तास द्या आणि तिकिटाची वेळ आधीच घेऊन ठेवा. आमच्या हाती जेमतेम सव्वा तास उरला होता.

चाल्मर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट हे म्युझियम अगदी छोटं आहे. १८५९पासून काही वर्षं माणसांचा लिलाव चालायचा तीच ही जागा. जवळच्या सिटी मार्केटमध्ये गुलाम विकले जात, हे ऐकीव आहे. तिथे मांस-भाजी विकली जायची, माणसं नाही.

हे पाहून झालं की मग खुशाल ईस्ट बे स्ट्रीटवरच्या रेनबो रोसमोर फोटो काढा. तेरा घरं ओळीने, फिकट गुलाबी, पिवळी, निळी. सकाळी आठच्या आत गेलात तर घरांवर ऊन असतं आणि गर्दी नसते. मला त्याहून आवडली ती इथली 'सिंगल हाउस'. रस्त्याकडे घराची अरुंद बाजू, एका खोलीएवढीच रुंद. रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात नव्हे, लांबलचक ओसरीत शिरतो. वारा आत यावा म्हणून हा खटाटोप. भिंतींवर मध्येच लोखंडी चकत्या दिसतील. १८८६च्या मोठ्या भूकंपानंतर भिंती आवळून धरण्यासाठी घातलेल्या सळ्यांची ती टोकं. जुनी घरं जपण्यासाठी १९३१मध्येच शहराने कायदा केला, म्हणून एवढं तरी उरलं.

फोर्ट सम्टरला फेरीने जावं लागतं, जाण्यायेण्यासकट दोन-सव्वादोन तास. १२ एप्रिल १८६१च्या पहाटे या किल्ल्यावर गोळे पडले आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं. किल्ल्यापेक्षा बोटीतून दिसणारं शहर जास्त देखणं आहे. वेळ कमी असेल तर हेच वगळा.

खाण्याचं शाकाहाऱ्यांनी जपून. पालेभाजी, घेवड्याची उसळ, लाल भात, सगळ्यात डुकराचं मांस असू शकतं, मागवण्याआधी विचारा. 'श्रिंप अँड ग्रिट्स' म्हणजे मक्याच्या कण्या आणि वर कोळंबी. बाबांनी दोन्ही दिवस तेच खाल्लं. 'बेने वेफर' नावाची तिळाची पातळ बिस्किटं मात्र नक्की घ्या. तीळही आफ्रिकेतूनच इथे आले.

जुन्या भागात गाडी वाहनतळावर ठेवून पायीच हिंडा. आमची गाडी काठाजवळ सखल जागी लावलेली होती. आभाळ कोरडं, तरी परत आलो तेव्हा चाकं निम्म्यापर्यंत पाण्यात! मोठ्या भरतीला इथले रस्ते पावसाविनाही तुंबतात, तेव्हा निघण्यापूर्वी भरतीच्या वेळा पाहा. दगडी गल्ल्यांमध्ये पाय मुरगळतो, बूट घाला. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा चिपळूणला मागे टाकेल, आणि सप्टेंबर म्हणजे ऐन वादळांचा मोसम.

निघताना सिटी मार्केटमध्ये गेलो. गुल्ला-गीची समाजाच्या, म्हणजे गुलाम करून आणलेल्या त्या आफ्रिकी माणसांच्या वंशातल्या बायका तिथे गवताच्या टोपल्या विणत बसतात. एका बाईंजवळ मोठी, उथळ, पसरट टोपली होती. आईने ती उचलली, दोन्ही हातांत धरली आणि मनगटांना हलका झटका दिला, पाखडल्यासारखा. त्या बाई हसल्या. भात पाखडायचीच होती ती. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी नाही, तरी पाच मिनिटं दोघींचं हातवाऱ्यांनी चाललं होतं. टोपल्या महाग असतात, आणि एकेक विणायला किती दिवस जातात ते पाहिल्यावर घासाघीस करवत नाही. आम्ही तळहाताएवढी छोटी घेतली. ती सध्या चिपळूणला देवघरात आहे, फुलांसाठी.