पडदा नेमका अडकतो कुठे?

पडदा जड सरकतो म्हटलं की आपल्याकडे पहिला उपाय खोबरेल तेलाचा. आमच्या पाइपवरही वर्षानुवर्षं तेलाचं बोट फिरत आलंय. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. साताऱ्याच्या थंडीत बाटलीत होतं तेच पाइपवर होतं, आणि उरलेलं वर्षभर त्यावर धूळ बसते. यंदा आईचा खांदा धरला, शाहूपुरीतल्या आमच्या हॉलचा पडदा तिला एका हाताने सरकेना. मग मी मुळापासून बघायचं ठरवलं.

पडदे उतरवण्याआधी एक गोष्ट पाहून ठेवली. पडदा पूर्ण कडेला सारून सोडला की तो हळूहळू मधे यायचा. म्हणजे पाइपने झोळ धरला होता आणि आई रोज तो पडदा चढावर ओढत होती. खिडकी सात फुटी, पाइप इंचाचा, पडदे जाड अस्तराचे, आणि आधाराला फक्त दोन टोकांची ब्रॅकेट. त्यातलं डावं ब्रॅकेट गट्टूसकट हलत होतं, कारण ते विटेच्या भिंतीत होतं आणि भोवतीचा गिलावा भुगा झाला होता.

त्याहून मोठी अडचण मात्र हाताला कळली. साबणाच्या फडक्याने पाइप पुसताना, काळा राप निघाल्यावर, एका जागी फडकं अडलं. पाइप अखंड नव्हता, चार आणि तीन फुटांचे दोन तुकडे जोडले होते. त्या सांध्याला नखभर धार होती. पडद्याची प्रत्येक रिंग तिथे ठेचकाळायची.

मध्ये ब्रॅकेट घेतलं की रिंगा त्याच्या पलीकडे जात नाहीत. पण दोन पडदे मध्ये मिटणारे असतील तर काहीच बिघडत नाही, उलट सांधा नेमका त्या ब्रॅकेटवर घेतला तर कुठलीच रिंग त्याला शिवत नाही. आमचा सांधा मध्यापासून सहा इंच सरकलेला होता. हार्डवेअरवाल्या काकांनी स्वच्छ सांगितलं, "ताई, जोड नकोच. लांबीतून अखंड कापून देतो." कापलेल्या कडा त्यांनी तिथेच कानशीने घासून दिल्या.

ब्रॅकेट लावायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मधलं खिडकीवरच्या लिंटेलमध्ये गेलं, तिथे काँक्रीट असल्याने हॅमर ड्रिल लागलं. डावं थोडं बाजूला नवीन भोक पाडून बसवलं. उंची मात्र छतापासून मोजू दिली नाही, जुन्या घरांची छतं सरळ असतीलच असं नाही. गवंड्यांची पाण्याची नळी लावून तिन्ही खुणा एका पातळीत घेतल्या.

रिंगा तपासायला कापूस वापरला. प्रत्येक रिंगेच्या आतून बोळा फिरवायचा. जिथे तंतू अडकतात तिथे प्लॅस्टिकला कंगोरा आहे. बारीक पॉलिश पेपरने तो जातो. चिरलेल्या रिंगा बदलल्या. इंचाच्या पाइपला आतून दीड इंचाची रिंग बरी, फार नेमकी घेतली की ती तिरकी होऊन आवळते. एका पडद्याला रिंगा सम संख्येत असाव्यात, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात.

शेवटी पांढरी मेणबत्ती. पाइपच्या वरच्या अंगाला, जिथे रिंगा टेकतात तिथे, लांबीभर घासली आणि सुक्या सुती कापडाने चोळली. मेण कोरडं राहतं, कापडाला डाग पडत नाही. सिलिकॉन स्प्रेही चालतो, पण पडदे काढून आणि आधी फडक्यावर मारून.

एवढं करूनही पडदा खालून ओढला की रिंगा तिरक्या व्हायच्याच. म्हणून दोन्ही पडद्यांच्या पुढच्या रिंगेला मागून एक हलकी काठी टांगली, आईच्या कमरेपर्यंत येईल एवढी. ओढ थेट वर लागते आणि हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही. दिवाळीत पडदे धुवायला निघतील तेव्हा पाइप पुसून पुन्हा मेण फिरवायचं, बाकी काही लागत नाही.