पत्ते खेळायला गेलो आणि अकरा वर्षांच्या पोरानं धुतलं

मागच्या वर्षाआधी, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, लिहू लिहू म्हणता राहून गेलेली. रविवारी सकाळी नऊला बॅग घेऊन निघालो तर आईनं विचारलं कुठे, मी म्हणलं स्पर्धा आहे, कसली, पत्त्यांची. झालं. आमच्याकडे पत्ते म्हणजे एकतर गणपतीच्या जागरणाला नाहीतर मग पैसे लावून, तिसरा प्रकारच नाही. पोकेमॉनचे पत्ते म्हणलं तर बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "वय किती झालं तुझं?"

चौतीस.

पोकेमॉनची कार्डं आम्ही शाळेतपण जमवायचो, गेटसमोरच्या स्टेशनरीवाल्याकडची पातळ पुठ्ठ्याची, मागचा निळा रंग ओला हात लागला की बोटाला यायचा. सगळी डुप्लिकेट. आणि खेळायचो कसं तर ज्याच्या कार्डावर एचपी (पोकेमॉन किती मार खाऊन टिकेल तो आकडा) जास्त तो दोन्ही कार्डं घेऊन जाणार, बस्स. माझ्याकडे १२० एचपीचा चारिझार्ड होता, त्यामुळे वर्गात वट होती. खरा गेम जपानात १९९६ पासून आहे, इंग्रजीत १९९९ ला आला, आणि त्याला चांगले जाडजूड नियम आहेत हे मला तिशी ओलांडल्यावर ऑफिसातल्या एका पोरानं शिकवलं. आता माझ्या डेकमधल्या चारिझार्ड ईएक्सला (ईएक्स म्हणजे जास्त ताकदीचं कार्ड) ३३० एचपी आहे, महागाई सगळीकडेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ६० कार्डांचा डेक, म्हणजे आपण निवडून आणलेला गठ्ठा, एका नावाची जास्तीत जास्त ४ (साध्या एनर्जीला, म्हणजे अटॅकसाठी पोकेमॉनला लावायच्या कार्डांना, ही अट नाही). सुरुवातीला हातात ७, आणि ६ कार्डं न बघता पालथी बाजूला ठेवायची, ती प्राइझ. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की त्यातलं एक उचलायचं, ईएक्स पाडला तर दोन, सहाच्या सहा आधी उचलेल तो जिंकला. म्हणजे दर गेमला तुमच्याच डेकमधली सहा कार्डं कुठलीतरी गायब असतात आणि कुठली ते तुम्हाला कुणी सांगत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

जागा म्हणजे कॅम्पातल्या एका जुन्या बिल्डिंगचा पहिला मजला, बोर्ड गेम खेळायचं कॅफे टाइप. पंधरा जण, बहुतेक कॉलेजची पोरं, दोन आयटीवाले, आणि एक शाळकरी मुलगा ज्याची आई कोपऱ्यात डबा आणि पुस्तक घेऊन बसलेली. जजनं डेक तपासला तर माझ्या एका स्लीव्हचा (कार्डाच्या प्लास्टिक कव्हरचा) कोपरा दुमडलेला, म्हणजे पाठीमागून कार्ड ओळखू येतं, चालत नाही, बदला. सुरुवात अशी.

पहिला राउंड, समोर गार्डेव्हॉर नावाच्या पोकेमॉनचा डेक. सात कार्डं उचलली, एकही बेसिक पोकेमॉन (थेट मांडता येतो असा, सुरुवातीला एक तरी लागतोच) नाही. म्हणजे हात दाखवायचा, परत पिसायचं, परत सात. परत नाही. परत पिसलं, परत नाही! प्रत्येक वेळी समोरच्याला एक कार्ड जास्त घ्यायची मुभा असते, तो पोरगा इतका सभ्य की प्रत्येक वेळी सॉरी म्हणून उचलायचा. मी डेकमध्ये बेसिक ९ च ठेवलेले. घरी येऊन हिशोब केला तेव्हा कळलं की ९ असले तर शंभरातले जवळपास ३० हात असेच फुकट जातात, एक जरी वाढवला तरी २६ वर येतं. नशिबाला शिव्या घालत बसलो होतो पण डेक माझा मीच बनवलेला ना. बारा मिनिटांत हरलो.

दुसऱ्याला बाय मिळाला, आकडा विषम म्हणून माझ्यासमोर कुणीच नाही आणि जिंकल्याचे ३ पॉइंट फुकट. खाली जाऊन वडापाव खाल्ला, हात साबणानं धुतले दोनदा. तिसरा जिंकलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही, समोरच्याला कार्डंच आली नाहीत.

चौथ्याला तो शाळकरी मुलगा. त्याच्याकडे रेजिंग बोल्ट, ज्याचा अटॅक म्हणजे जितक्या एनर्जी फेकाल तितके गुणिले ७०. पोरगं बोटांवर न मोजता खेळत होतं. मी पहिल्याच टर्नला नेस्ट बॉल (डेकमधून बेसिक शोधून आणणारं कार्ड) खेळून डेक उघडला, चारमँडर उचलला (ह्याचाच पुढे चारिझार्ड होतो), डेक मिटला. इथे खरं तर थांबून बघायचं असतं की डेकमध्ये काय काय दिसत नाहीये, म्हणजे ते प्राइझमध्ये. मला घाई, राउंडला अर्धाच तास असतो, आणि समोर लहान मूल, काय एवढं. दुसऱ्या टर्नला अल्ट्रा बॉलसाठी (हातातली दोन कार्डं टाकून डेकमधला कुठलाही पोकेमॉन आणायचा) दोन कार्डं टाकायची होती तर सुपर रॉड टाकून दिला, तीन चारिझार्ड आहेत की डेकमध्ये, मेलेले परत आणायची कशाला गरज लागतीय.

लागली. मी दोन प्राइझ घेऊन मस्त खुशीत, आणि त्यानं पाच एनर्जी शांतपणे काढून ठेवल्या, "तीनशे पन्नास." माझा चारिझार्ड गेला. हरकत नाही, बेंचवर, म्हणजे मागे राखीव, दुसरा चारमँडर तयार, हातात रेअर कँडी (चारमँडरवर थेट चारिझार्ड ठेवू देणारं कार्ड), फक्त चारिझार्ड हवा. दुसरा अल्ट्रा बॉल, डेक उघडला, वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. नाही.

पोरगं माझ्याकडे बघत होतं. मग हळूच, "काका, तुम्ही प्राइझ चेक केले नव्हते ना?"

काका! तोपर्यंत दिवसभर सगळे भैया नाहीतर ब्रो म्हणत होते.

तीन टर्नमध्ये संपलं. हात मिळवला, उरलेली चार प्राइझ उलटली तर त्यात दोन चारिझार्ड शेजारी शेजारी. सुपर रॉड ठेवला असता तर मेलेला पहिला परत डेकमध्ये आला असता, आणि मोजलं असतं तर ठेवला असता. त्यानं मला दाखवलंपण तो कसं करतो ते, पहिल्यांदा डेक उघडला की सगळं नाही बघायचं, आधी फक्त जी दोन-तीन कार्डं नसली तर गेम जाईल तीच मोजायची, वीस सेकंद लागतात. त्याच्या आईनं मागून हाक मारली, पोहे गार होतायत, तर गेला पळत.

भाग घेतल्याबद्दल दोन बूस्टर (नव्या कार्डांची बंद पाकिटं) मिळाले, त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी डायनिंग टेबलवर बसून सराव चाललेला, पिसायचं, सहा बाजूला, डेक बघून ओळखायचं कुठली सहा. आईनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली एवढं पिसतोयसच तर खरे पत्ते काढ. मेंढीकोट बसला, मी आणि बायको विरुद्ध आई-बाबा. तिसऱ्या डावात मी किलवरची दश्शी बिनधास्त टाकली, आईनं हुकूम मारून उचलली आणि म्हणाली, "माझी किलवर मघाशीच संपली, बघितलं नाहीस?"