पेन्शनीत आलो आणि पुन्हा रिक्रूट झालो

आमच्या काजू कारखान्याची वाटचाल लिहून द्या, असं सूनबाईनं सांगितलं आणि पहिल्याच ओळीला अडलो. सुरुवात कुठल्या सालापासून धरायची? कागदावर २०१२. त्या वर्षी लायसन्स निघालं, मीटर बसला, बँकेत चालू खातं उघडलं. मी तेच लिहिलं होतं. सौ.नं वही ओढून घेतली, चष्मा न लावताच वाचलं आणि म्हणाली, "दोन हजार एक लिवा. तवा तुम्ही नव्हतासा."

खरं आहे. नव्हतो.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, चंदगड तालुक्याच्या हद्दीला लागून. काहींची घरं कर्नाटकात आणि भाताची खाचरं महाराष्ट्रात, असा प्रकार. या पट्ट्यात पोरगा अठरा वर्षांचा झाला की दोनच प्रश्न विचारले जायचे: उंची भरते काय आणि छाती फुगते काय. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावातच आहे. रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण तर १७६८ सालची. आमच्या आज्ज्यापासून भरतीची लाइन तीच. मी १९८१ साली त्या लाइनीत उभा राहिलो आणि २०११ च्या सप्टेंबरात पेन्शनीत आलो. मध्ये तीस वर्षं. वर्षाला दोन महिने ॲन्युअल लीव्ह, एक महिना कॅज्युअल, म्हणजे सगळी सुट्टी वेळेवर मिळाली असती तरी सात-साडेसात वर्षं घरी. ती वेळेवर मिळत नाही. फॅमिली क्वार्टर मिळालं एकदाच, पावणेदोन वर्षांसाठी. बाकी संसार ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावर.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, फौजा सीमेवर निघाल्या. सगळ्या सुट्ट्या रद्द. आम्ही राजस्थानात वाळूत मोर्चे खणून बसलो ते महिनोन् महिने. लढाई झाली नाही, फक्त बसणं. तिथं मला सौ.चं इनलँड आलं. आई बरी आहे, म्हैस व्याली, पोरगीला बेळगावच्या शाळेत घातलं, आणि मग शेवटच्या घडीवर, डिंक लावायच्या जागेच्या वर, बारीक अक्षरात: मी शिनोळीकडच्या एका कारखान्यात काजू कटिंगला जाते, रात्री सोलायला घरी आणते.

मी तेव्हा नायब सुभेदार होतो. उत्तर काय लिहिलं ते आठवतं म्हणून लाज वाटते. जेसीओची, म्हणजे सुभेदारी हुद्द्याच्या माणसाची, बायको मजुरीला जाते हे बरं दिसत नाही, घरात काय कमी आहे, ताबडतोब बंद कर. जवळजवळ ऑर्डरच. पुढच्या पत्रात म्हशीचं होतं, पोराच्या तापाचं होतं, काजूबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, बंद केलं.

२००२ च्या दिवाळीनंतर सुट्टी मिळाली. रात्रीच्या गाडीनं उतरलो, सौ.नं जेवायला वाढलं. भाकरी ताटात ठेवताना तिचा हात दिव्याखाली आला. बोटांची टोकं काळी, अंगठ्याच्या मुळाशी साल गेलेली, मधे गुलाबी कातडं. ज्यांनी काजू कधी कापली नाही त्यांच्यासाठी सांगतो: काजूबीच्या टरफलात चीक असतो, जाड, तपकिरी. कातडीला लागला की भाजल्यासारखं होतं आणि डाग पंधरा-पंधरा दिवस जात नाही. बायका हाताला तेल चोळून बसतात, तरी लागतो. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "तुमचं पैसं येतील तवा येतात. शाळेची फी एक तारखेला लागते." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

२००६ मध्ये तिनं कटिंगची दोन जुनी मशीनं विकत घेतली आणि गोठ्याच्या बाजूला पत्रे टाकून बसवली. मशीन म्हणजे फार मोठं काही नाही: पायानं पॅडल दाबायचं, हातानं मूठ ओढायची, दोन पात्यांत बी फुटते. समोर दुसरी बाई बसते, ती टोकदार सळीनं गर वेगळा करते. कापणारीचा हात हलका हवा, नाहीतर अख्ख्या गराची पाकळी होते आणि पाकळी झाली की भाव पडतो. गल्लीतल्या चार अक्का येऊ लागल्या. हे सगळं मला प्रत्येक सुट्टीत थोडं थोडं कळत गेलं, चित्र पूर्ण कधीच दिसलं नाही.

२६ जानेवारी २०११ च्या यादीत माझं नाव ऑनररी लेफ्टनंटसाठी आलं. खांद्यावर स्टार लागले. शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाला यापेक्षा मोठा दिवस नसतो. मी घरी फोन केला. सौ. म्हणाली, "बरं झालं. पेन्शन किती वाढणार?" पेन्शनीत आल्यावर पुढच्या वर्षी कॅप्टन झालो. गावात मात्र कॅप्टनसाहेब फक्त लग्नपत्रिकेवर. कट्ट्यावर मी अजून 'मिलिटरीवाला'च आहे.

परत आलो तेव्हा ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची (पेन्शनीचा काही भाग आधीच एकरकमी मिळतो, ती) रक्कम हातात होती. अशा वेळी सल्ला देणारे फार भेटतात. सिक्युरिटी एजन्सी काढा, एनए प्लॉट घ्या, भाच्याबरोबर डंपर घ्या. मी मनात ठरवलं होतं की बायकोच्या या घरगुती प्रकाराला 'शिस्त' लावायची. शब्द माझाच.

पहिल्या सोमवारी मी सकाळी आठला हजेरी ठेवली. हातात रजिस्टर. सहा अक्का ओळीत उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून हसत. उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस कापणार, असं मी जाहीर केलं. बुधवारी दोघी आल्याच नाहीत. गुरुवारी आणखी एक. सौ.नं संध्याकाळी विचारलं, "काय करूलालासा हे?" मी म्हटलं, डिसिप्लिन. ती म्हणाली, "त्यांना किलोवर पैसं हाईत, तासावर न्हवं. म्हशीची धार काढून, पोरांना डबा देऊन येतात. आठला कशा येतील?" मग ती स्वतः तिघींच्या घरी जाऊन आली. मी रजिस्टर कपाटात ठेवलं. पुढं त्यात आम्ही पोत्यांचा हिशेब लिहिला.

पण खरा फटका २०१२ च्या हंगामात बसला, आणि तो माझ्याच हातून. काजूचा धंदा बाहेरून दिसतो तसा वर्षभराचा नाही. बी येते मार्च ते मे, तेवढ्यात वर्षभराची खरेदी करून, वाळवून, पोत्यांत भरून ठेवायची. मग पावसाळा, मग गणपती, दसरा, दिवाळी. म्हणजे पैसा तीन महिन्यांत सगळा बाहेर आणि परत येतो थेंबथेंब. भांडवल कमी असेल तर कारखाना जूनमध्येच थांबतो. मी म्हटलं, ग्रॅच्युइटी आहे, एकदम माल उचलू. एका व्यापाऱ्यानं बाजारापेक्षा स्वस्तात गाडीभर बी दिली. मी वजनकाट्यावर उभा राहून प्रत्येक पोतं मोजून घेतलं, एक किलोची चूक होऊ दिली नाही. बी मात्र बघितली नाही.

सौ. माहेरी गेली होती. परत आली, एका पोत्यात हात घातला, मूठभर बी कानाशी नेऊन हलवली. मग दुसऱ्या पोत्यातली. वाळलेली बी वाजते. आत गर सुटलेला असतो, खुळखुळ्यासारखा आवाज येतो. ही मुकी होती. ओली. तिनं बादलीत पाणी घेऊन ओंजळभर बी टाकली, त्यातली बरीच वर तरंगली. भरलेली बी बुडते, पोकळ तरंगते, एवढं साधं. उन्हात घातल्यावर माल वजनाला उतरला, आणि आतून काही पोत्यांना बुरशी निघाली. किती पैसे गेले ते इथं लिहीत नाही. सौ.नंही कधी काढलं नाही, फक्त पुढच्या हंगामापासून खरेदीला मी एकटा गेलो नाही. आजही ती कानाला लावते, मी कातरीनं दहा-वीस बिया कापून बघतो. दोघांचं जुळलं तर गाडी खाली होते.

बाकी काम कसं चालतं ते थोडक्यात. बी वाफेच्या कुकरला लावायची, एक दिवस निववायची, मग कटिंग. गर ड्रायरला टाकायचा, म्हणजे वरची तांबडी साल सुटते. मग सोलणं आणि प्रतवारी. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशे वीस अख्खे गर. डब्ल्यू १८० म्हणजे त्याहून पुष्कळ मोठा. शंभर किलो बीमागं पंचवीस किलोच्या आसपास गर हाती लागतो, बी चांगली असेल तर थोडा जास्त. वेंगुर्ला चार आणि सात या जातींची कलमं लावलेल्या शेतकऱ्यांची बी आम्ही आधी बघतो. जुलैमध्ये अक्का रोप लावणीला जातात आणि पावसात साल ओली होऊन निघत नाही, तेव्हा सोलणं मंदावतं. त्या महिन्यात मी मशीनची ग्रीसिंग करतो. ड्रायर ही माझी ड्युटी. रात्री दोनला उठायची मला सवय आहे.

हद्दीवरचा धंदा म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. बी चंदगड, आजऱ्याची, म्हणजे महाराष्ट्रातली. कारखाना कर्नाटकात. गिऱ्हाईक बेळगाव, हुबळी, गोव्यात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येण्याआधी चार मैलांवरून टेम्पो आणायचा तरी दोन राज्यांचे कागद, नाक्यावर थांबणं. मला हिंदी येते, पंजाबी समजते, डोगरीत शिव्या देता येतात; कन्नड मात्र हाजरी देण्यापुरतंच. विजेचं बिल कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. एका कचेरीत मी मिलिटरी खाक्यात हिंदी झाडायला लागलो, तर साहेबानं मान वर केली नाही. सौ.नं मागून, बाजारात शिकलेल्या कन्नडमध्ये, "सर, स्वल्प नोडी" (जरा बघा) म्हटलं, आणि कागद पुढं सरकला. आता पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, हा २०२४ चा नियम. आम्ही वर कन्नड, खाली मराठी केली. मालक म्हणून दोन्हींत सौ.चं नाव आहे.

२०२० चा मार्च तर हंगामाच्या तोंडावरच. लॉकडाऊन लागला आणि हद्दीच्या रस्त्यांवर मातीचे ढीग पडले. आमची बी पलीकडं, आम्ही अलीकडं. चंदगडकडचा एक जुना शेतकरी फोनवर म्हणाला, कॅप्टनसाहेब, अंगणात ढीग लागलाय, कुणी विचारीना. पास मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. त्या काळात सौ.नं त्याला सांगितलं, वाळवून ठेव, भाव ठरलाय तोच देणार. मी म्हटलं, बाजार पडलाय, थोडं थांबू. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. पुढच्या वर्षीपासून त्या वाडीची सगळी बी पहिल्यांदा आमच्याकडं येते.

आता सतरा अक्का आहेत, कटिंगची नऊ मशीनं, एक व्हॅक्यूम पॅकिंगचं. मुलगी गडहिंग्लजला दिली, तिथून ती फोनवरच्या ऑर्डरी सांभाळते. दरवर्षी ४ फेब्रुवारीला, कोंढाणा घेतला तो दिवस, म्हणून आमचा रेजिमेंटचा दिवस, मी कोट घालून, मेडल लावून सेंटरला जातो. माझ्या वेळचे दोघे-तिघे भेटतात; प्रत्येकाला अर्धा किलो, सौ.च्या हिशेबात तो खर्च 'यांचे मित्र' या खात्यावर.

मुलगा २०१३ मध्ये त्याच लाइनीत उभा राहिला. सध्या वरच्या बाजूला आहे, कुठं ते विचारायचं नसतं. सूनबाई सकाळी नातीला माझ्या गाडीवर बसवते आणि शेडमध्ये जाते. हात काळे होऊ नयेत म्हणून मी दोनदा हातमोजे आणून दिले. ती म्हणते, मोज्यानं बी समजत नाही. पुढच्या महिन्यात तो सुट्टीवर येतोय, तीस दिवस. तिनं वहीत त्याच्या नावापुढं आधीच लिहून ठेवलंय: पोती उतरवणे.