४६० ग्रॅम तेल आणि साडेतीन महिने

वॉरंटीच्या ज्या अर्जापायी माझ्या गाडीची दुरुस्ती साडेतीन महिने अडकून पडली, त्यात एक रकाना होता: ‘१००० किलोमीटरमागे खपलेले इंजिन ऑइल, लिटरमध्ये’. सर्व्हिस सेंटरने तेल काट्यावर तोलले, किलोमध्ये आलेला आकडा जसाच्या तसा लिटरच्या रकान्यात भरला आणि गाडीत काही दोष नाही असे लिहून मोकळे झाले. मी साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. घनतेचे सूत्र वर्गाबाहेर, तेही गाडीच्या काउंटरवर उभे राहून समजावण्याची वेळ माझ्यावर आली, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

गाडी अडीच वर्षांची, ३१,००० किलोमीटर चाललेली. एक लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन. पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटातल्या एका वळणावर तेलाच्या किटलीचे लाल चिन्ह क्षणभर पेटले आणि विझले. हा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. वळणावर तेल इंजिनाच्या तळातल्या चेंबरच्या एका बाजूला सरकते. पातळी फार खाली गेलेली असेल तर पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा येते आणि दाब पडतो. म्हणजे दिवा पेटेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. अशा वेळी ‘आता घाट संपेलच’ असा विचार न करता जागा मिळताच इंजिन बंद करावे. मी तसे केले, दहा मिनिटे थांबून डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहायची पट्टी, पुसून पुन्हा घातली, तर तिचे टोकही जेमतेम ओले झाले. सर्व्हिसिंग होऊन जेमतेम ६,००० किलोमीटर झाले होते. मधल्या काळात मी एकदाही बॉनेट उघडले नव्हते, ही माझी चूक मी कबूल करते. भाऊ साताऱ्याहून बोगद्यातून पलीकडे उतरून, वळसा घालून तेलाचा डबा घेऊन येईपर्यंत दीड-दोन तास घाटात गेले. तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच आणले होते, परंतु बिल घेतले नव्हते. पुढे ‘बाहेरचे तेल टाकले’ म्हणून पहिली हरकत याच डब्यावर घेतली गेली. टॉप-अपच्या प्रत्येक डब्याचे बिल आणि रिकामा डबा दोन्ही जपून ठेवावेत.

काउंटरवर पहिले उत्तर मिळाले ते असे: “मॅडम, टर्बो गाडी आहे, थोडं ऑइल खाणारच.” हे अर्धसत्य आहे आणि त्यामुळेच ते त्रासदायक ठरते. टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत फिरतो. त्यातले किंचित तेल हवेच्या बाजूला झिरपणे अशक्य नाही. शिवाय हवा दाबून भरली जात असल्यामुळे सिलिंडरमधला दाब जास्त असतो आणि पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरणारा वायूही जास्त असतो. तो वायू तेलाचे तुषार घेऊन पुन्हा इंजिनच्या हवेच्या वाटेने जळायला जातो. पण ‘थोडे’ म्हणजे किती, याला पुस्तिकेत आकडा असतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत तो १००० किलोमीटरला अर्धा लिटर असा होता. काही कंपन्या एक लिटरपर्यंतही लिहितात. काउंटरवर जाण्यापूर्वी आपल्या पुस्तिकेतले ते पान शोधून ठेवावे, कारण समोरचा माणूस ते स्वतःहून दाखवत नाही.

त्या आठवड्यात मी गाडी गोडोलीतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींनाही दाखवली. चालू इंजिनाजवळ कान नेऊन त्यांनी एक बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकला आणि मला तेलाचे झाकण फिरवून उचलायला सांगितले. झाकण आतून कोणी ओढून धरल्यासारखे चिकटून बसले होते. जोर लावून सैल करताच शिट्टी थांबली. “बाई, आतला पडदा फाटलाय. पण मी नट लावला तर तुमची वॉरंटी गेली. त्यांच्याकडूनच करून घ्या,” ते म्हणाले. चेंबरमधला वायू बाहेर नेणाऱ्या झडपेत रबराचा एक पातळ पडदा असतो. तो फाटला की इंजिनाची ओढ थेट चेंबरवर पडते, आणि वायूबरोबर तेलही ओढले जाऊन जळते. मिस्त्रींनी पाच मिनिटांत सांगितलेले हे निदान सर्व्हिस सेंटरने ऐकून घेतले, मात्र जॉब कार्डवर लिहिले नाही. आधी ‘तेल-खप चाचणी’ होईल, असे सांगण्यात आले.

ही चाचणी म्हणजे तेल बदलून, भरलेल्या तेलाची नोंद करून, डिपस्टिक, झाकण आणि चेंबरचा तेल काढायचा नट यांना सील लावायचे, गाडी १००० किलोमीटर चालवायची आणि परत आणायची. अट अशी की आकडा १००० ते १,१०० च्या दरम्यान असला पाहिजे. शाहूपुरीहून कॉलेजला जाऊन-येऊन रोज नऊ किलोमीटर होतात. त्या हिशेबाने चाचणीला चार महिने लागले असते आणि वॉरंटी संपायला सहा महिने उरले होते. म्हणून रविवारी कराड, सुटीच्या दिवशी मेढामार्गे महाबळेश्वर, एकदा कारण नसताना कास, असे करत मी ६५ लिटर पेट्रोल जाळून १,०२२ चा आकडा गाठला. तो दिवस शनिवार होता. सील तोडण्याचा अधिकार असलेले तंत्रज्ञ प्रशिक्षणाला गेले होते आणि मला मंगळवारी यायला सांगण्यात आले. गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी यायला हवे होते. परंतु सोमवारी परीक्षेचे काम वाईला होते आणि मी गाडी नेली. पुढे मंगळवारचा गुरुवार झाला. गुरुवारी आकडा १,१३८ होता आणि चाचणी रद्द ठरली. त्यांच्या माणसाच्या गैरहजेरीचा उल्लेख अर्जात कुठेही नव्हता. यावरून शिकले ते असे: सील लावतानाच ‘तोडायला कोण, कोणत्या दिवशी हजर असेल’ हे लिहून घ्यावे, आणि आकडा गाठला की गाडी तिथून हलवू नये.

एक गोष्ट मात्र सील लागण्याआधीच लक्षात आली होती. आधीच्या महिन्यात गावातल्या गावात गाडी फिरत असताना डिपस्टिकवरची पातळी जवळजवळ स्थिर दिसे आणि पुण्याच्या एका फेरीत ती एकदम उतरे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, ते नीट तापण्याआधीच बंद होत राहिले, तर थोडे पेट्रोल रिंगांवरून तेलात उतरते. खपलेल्या तेलाची जागा पेट्रोल घेते आणि पट्टी फसवते. लांबच्या प्रवासात तेल तापून ते पेट्रोल उडून जाते आणि खरी पातळी दिसते. म्हणून चाचणीचे किलोमीटर शक्यतो लांबच्या फेऱ्यांत पूर्ण करावेत; निदान शेवटची फेरी तरी शंभर किलोमीटरची असावी.

दुसऱ्या चाचणीच्या वेळी पट्टीवर अवलंबून न राहता तेल तोलावे, असा आग्रह मी धरला, आणि तो त्यांनी मान्य केला याचे मला तेव्हा समाधान वाटले. ३.०६ किलो तेल माझ्यासमोर तोलून भरले. १,०१२ किलोमीटरनंतर गरम इंजिनातून, आधीच्या वेळेइतकाच वेळ निथळू देऊन, तेल काढले आणि तोलले. ते २.६० किलो भरले. फरक ४६० ग्रॅम. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने संगणकावर ०.४६ असा आकडा टाकला, खाली ‘मर्यादेत’ अशी ओळ आपोआप उमटली आणि प्रिंट माझ्या हातात आली.

मी म्हटले, “हे किलो आहेत आणि रकाना लिटरचा आहे.”

“मॅडम, किलो काय आणि लिटर काय, एकच की.”

पाण्याच्या बाबतीत ते एकच आहे. तेल पाण्यावर तरंगते, ते पाण्यापेक्षा हलके असल्यामुळेच. इंजिन ऑइलची घनता लिटरला सुमारे ०.८५ किलो असते, म्हणून ०.४६ किलो म्हणजे ०.५४ लिटर, १,०१२ किलोमीटरचा भाग दिला तरी हजारी ०.५३ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या वर. हे मी कागदावर लिहून दाखवले. त्याने तो कागद शेजारच्या टेबलावर दिला, तिथून तो आतल्या केबिनमध्ये गेला आणि केबिनमधून निरोप आला की काट्यावर जे आले तेच लिहिले आहे. तेही खोटे नव्हते; फक्त रकाना चुकला होता. शेवटी मी त्यांच्याच पार्ट्स काउंटरवरून एक लिटरचा सीलबंद डबा मागितला आणि त्यांच्याच काट्यावर ठेवायला लावला. मग वर्कशॉपमधल्या टोपलीतून त्याच मापाचा रिकामा डबा आणून तो तोलला. भरल्यातून रिकामा वजा केला, तेव्हा एक लिटर तेलाचे वजन ८५२ ग्रॅम निघाले. भोवती दोन-तीन मेकॅनिक जमले होते आणि त्यातला एक पोरगेला मुलगा हसून म्हणाला, “बरोबर आहे मॅडमचं.” तो माझा विद्यार्थी असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण नोंद ‘सिस्टिममध्ये गेली’ होती आणि गेलेली नोंद इथून बदलता येत नव्हती. कोठून बदलता येते, हे सांगायला कोणी तयार नव्हते. पुढचे २३ दिवस मी फोन केले. प्रत्येक फोनला नवा आवाज, प्रत्येक आवाजाला गाडीचा नंबर पहिल्यापासून, आणि प्रत्येकाचे उत्तर ‘चाचणीत गाडी पास आहे’. फोनवर मी चिडत होते, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका पानाच्या ईमेलचा. त्यात दोन्ही वजने, दोन्ही वेळचे किलोमीटर, पुस्तिकेतल्या पानाचा फोटो, तेलाच्या तांत्रिक माहितीपत्रकातला घनतेचा आकडा आणि माझा भागाकार एवढेच होते. शेवटी एक वाक्य होते की सात दिवसांत दुरुस्ती न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सहाव्या दिवशी कंपनीच्या विभागीय कार्यालयातून फोन आला. बोलणाऱ्या गृहस्थांनी माझा हिशेब वाद न घालता मान्य केला आणि नवी नोंद टाकली. हे दोन महिन्यांपूर्वी झाले असते, या विचाराने तेव्हा आनंदही नीट झाला नाही.

पुढचे काम सांगण्यासारखे नाही. सुटा भाग पुण्याहून आला आणि झडपेसकट इंजिनाचे वरचे कव्हर बदलायला दीड तास लागला. जुने कव्हर मी मागून घेऊन पाहिले, तर त्यातल्या रबरी पडद्याला नखाएवढी चीर होती. टर्बोचा दांडा हलवून तपासला. त्यात ढिलाई नव्हती. तिसऱ्या दिवशी गोडोलीला जाऊन मिस्त्रींना पेढे दिले.

त्यानंतर २,४०० किलोमीटर झाले आहेत आणि पट्टीवरची पातळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उतरलेली नाही. दर रविवारी सकाळी, सपाट जागेवर, इंजिन तापवून बंद केल्यावर दहा मिनिटांनी मी ती पाहते आणि वहीत लिहिते. भरताना खुणेच्या वर तेल जाऊ देऊ नये. जादा तेल फिरत्या भागांनी घुसळले जाऊन त्याच वायूच्या वाटेने जळते आणि खप उगाच जास्त दिसतो. सायलेन्सरमधून निळा धूर दिसला नाही म्हणून तेल जळत नाही असे समजू नये, मला तो एकदाही दिसला नव्हता. आणि हवेचा फिल्टर वेळेवर बदलावा, हे मिस्त्रींनी पेढे खाताना सांगितले: तो तुंबला की टर्बो हवेबरोबर स्वतःच्याच दांड्याजवळचे तेल ओढू लागतो. माझा फिल्टर त्यांनी तिथेच काढून झटकला, तर त्यातून कासच्या रस्त्याची लाल माती पडली.