विजापूर, सावकाशीने

सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर, तरी आपल्यातले बरेच जण गोलघुमटात हाळी देऊन परत फिरतात. आज आईबाबांना घेऊन गेलो आणि सगळ्यात जास्त रमलो ते सिंह बुरुजावर. मुलूखमैदान तोफ! १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, वजन सुमारे ५५ टन, आणि तोंडाशी सिंहाच्या जबड्यात सापडलेला हत्ती. ही तोफ आधी आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला नेली. एवढं धूड त्या वाटांनी कसं ओढलं असेल, यावर बाबा परतीच्या प्रवासातही बोलत होते.

गोलघुमट भव्यच, पण माझा जीव इब्राहिम रोझ्यात, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीच्या वास्तूत, अडकला. दगडात कोरलेल्या अक्षरांच्या जाळ्या आणि त्यांतून आत झिरपणारा उजेड. आई तर तिथून हलायलाच तयार नव्हती.

आणि हो, चांदबीबी अहमदनगरची लेक, विजापूरची सून. तिच्या लग्नात आंदण दिला तो आपला सोलापूरचा किल्ला! शाळेत हे कुणी नीट सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता नळदुर्ग किल्ल्यातला, बंधाऱ्याच्या भिंतीत बांधलेला पाणीमहाल. तोही दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्याच काळातला. पाऊस चांगला झाला की निघू. कोण कोण येतंय?